सीआरपी ११८, स्कोअर २: न्यूमोनिया किती गंभीर होईल हे रक्तावरून आधी कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६७ वर्षांचे. पाच दिवस ताप आणि खोकला, एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात खालच्या बाजूला न्यूमोनियाचा डाग. सीआरपी (संसर्ग किंवा सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) ११८, पांढऱ्या पेशी १३,४००, त्यात न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के, प्रोकॅल्सिटोनिन (मुख्यतः जिवाणूंच्या संसर्गात वाढणारं) ०.२, डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना तयार होणारा तुकडा) ९००, युरिया ३६, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९५. डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. घरी आल्यावर तुम्ही मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरले, तर न्यूमोनियाची गंभीरता मोजणाऱ्या 'कर्ब-६५'चा स्कोअर २ आला आणि 'रुग्णालयात दाखल करण्याचा विचार करा' असं लिहून आलं. आता डॉक्टरांचं ऐकायचं की आकड्यांचं, आणि फेरिटिन, एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं), आयएल-६ (शरीरात सूज पेटवणारा रेणू) या तपासण्याही करून घ्याव्यात का, असं तुम्ही विचारता आहात.

मी छातीच्या आजारांची डॉक्टर आहे. बरीच वर्षं वॉर्ड आणि आयसीयू दोन्हीकडे न्यूमोनियाचे रुग्ण पाहते आहे. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना घरी ठेवा की दाखल करा हे मी सांगणार नाही. पण तुमच्या हातातले आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे नक्की सांगू शकते. खरा प्रश्न 'कोणती तपासणी सगळ्यांत चांगली' हा नाहीच. पुढच्या दोन-तीन दिवसांत तब्येत बिघडू लागली तर ते वेळेत कसं ओळखायचं, हा आहे.

सुरुवात तुमच्या स्कोअरपासून करते, कारण तो बहुधा २ नाही, १ आहे. कर्ब-६५ मध्ये पाच गोष्टींना प्रत्येकी एक गुण मिळतो: नव्याने आलेला गोंधळलेपणा, वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, कमी रक्तदाब (वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा कमी) आणि वय ६५ किंवा अधिक. यातल्या युरियाची मर्यादा मूळ एककात लिटरला ७ मिलिमोल आहे. काही लॅब पूर्ण युरिया मोजून देतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन, म्हणजे बीयूएन. बीयूएनमध्ये ही मर्यादा साधारण १९ ते २० येते, पूर्ण युरियात साधारण ४२. बऱ्याच कॅल्क्युलेटरच्या रकान्यात बीयूएन अपेक्षित असतं. तुम्ही त्यात ३६ हा युरिया भरला असणार आणि नसलेला एक गुण चढला. ३६ युरिया म्हणजे बीयूएन १७ च्या आसपास, मर्यादेच्या आतच. एककाची अशी चूक मी शिकाऊ डॉक्टरांकडूनही वारंवार होताना पाहते. सीआरपी काही लॅब लिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरला. त्यात दहापटीचा फरक पडतो. डी-डायमर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला जातो आणि त्या आकड्यांत साधारण दुपटीचं अंतर असतं. म्हणून रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेलं एकक आणि त्या लॅबची स्वतःची मर्यादा पाहिल्याशिवाय कुठलाही आकडा कशाशीही ताडून बघू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने ही जास्त महत्त्वाची. एवढे सगळे आकडे तुम्ही दिलेत, पण वडिलांचा श्वासाचा वेग त्यात कुठेच नाही. रक्तदाबही नाही. स्कोअरमधल्या पाचपैकी दोन गोष्टी तुम्हाला माहीतच नव्हत्या आणि कॅल्क्युलेटरने त्या नॉर्मल धरल्या. हे फक्त तुमच्या बाबतीत घडतं असं नाही. वॉर्डातल्या कागदांवरही श्वासाचा वेग कितीदा तरी न मोजता १८ किंवा २० असा लिहिलेला असतो. वास्तविक न्यूमोनिया किती पुढे गेलाय हे सांगणारी इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी दुसरी खूण नाही.

त्याचं कारण समजून घ्या. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब आणि ऑक्सिमीटरवरचा टक्का यांचं नातं सरळ रेषेत नसतं. दाब १०० वरून ७० पर्यंत घसरला तरी टक्का नव्वदीच्या वरच राहतो. दाब ६० च्या खाली गेला की मग तो झपाट्याने कोसळू लागतो. त्यात आजारी माणूस भराभर श्वास घेऊन तो टक्का टिकवून धरत असतो. म्हणजे मिनिटाला १६ श्वास घेऊन ९५ आणि मिनिटाला २८ श्वास घेऊन ९५ या अगदी वेगळ्या अवस्था आहेत. पहिला माणूस आरामात आहे, दुसरा दमत चालला आहे. ऑक्सिमीटर दोघांनाही एकच आकडा दाखवतो. शिवाय बोटं गार असली, नखांना रंग असला तर आकडा चुकतो, आणि गडद त्वचेच्या माणसांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतं, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं.

मोजायचं कसं? ते स्वस्थ बसलेले असताना, त्यांच्या लक्षात येऊ न देता, छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ताप चढलेला असताना वेग वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजा.

रक्ततपासण्यांकडे येते. माझ्या मनात त्यांचे दोन सरळ गट आहेत. पहिला गट शरीर संसर्गाला किती जोरात उत्तर देतंय ते सांगतो: सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, फेरिटिन, आयएल-६, पांढऱ्या पेशी. दुसरा गट त्या झटापटीत अवयवांवर किती ताण आलाय ते सांगतो: युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, प्लेटलेट, बिलिरुबिन, लॅक्टेट. गंभीरता ओळखण्यासाठी बनलेले जुने, भरवशाचे स्कोअर पाहिलेत तर त्यांत दुसऱ्या गटातल्या तपासण्या आहेत, पहिल्यातल्या जवळजवळ नाहीत. कर्ब-६५ मध्ये सीआरपी नाही. १९९७ चा पीएसआय (न्यूमोनियाच्या गंभीरतेचाच दुसरा, मोठा स्कोअर) तब्बल वीस गोष्टी विचारतो, त्यातही सीआरपी नाही. कोविडसाठी २०२० मध्ये तयार झालेल्या 'फोर-सी' स्कोअरमध्ये सीआरपी आहे, पण तिथेही वय, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध, युरिया आणि आधीचे आजार त्याच्या सोबतीला आहेत.

सीआरपी यकृतात तयार होतो, संसर्ग सुरू झाल्यावर सहा ते बारा तासांत वाढू लागतो आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो. तुमच्या वडिलांचा ११८ इतकंच सांगतो की हा साधा सर्दी-खोकला नाही, खरा न्यूमोनिया असण्याची शक्यता बरीच आहे. आणि ते तर एक्स-रेने आधीच सांगितलं आहे. घराजवळच्या दवाखान्यात, एक्स-रे नसताना, सीआरपीचा खरा उपयोग होतो: २०१४ च्या ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांत न्यूमोनियाचं निदान नक्की होत नसेल तर २० च्या खाली अँटिबायोटिक देऊ नका, १०० च्या वर द्या, मधल्या पट्ट्यात थांबून पाहा, अशी विभागणी होती. म्हणजे प्रश्न औषध द्यायचं का हा होता, आयसीयू लागेल का हा नव्हता. ३०० सीआरपी असलेली माणसं गोळ्यांवर घरी बरी होताना मी पाहिली आहेत आणि ६० असलेली व्हेंटिलेटरवर गेलेलीही. यकृताचा आजार बळावलेला असेल किंवा टोसिलिझुमॅबसारखं आयएल-६ चा मार्ग अडवणारं औषध चालू असेल, तर सीआरपी पुरेसा वाढत नाही आणि खोटा दिलासा मिळतो.

प्रोकॅल्सिटोनिन ०.२ हा आकडा पाहून 'हा विषाणूच असेल, मग अँटिबायोटिक कशाला' असं तुमच्या मनात आलं असेल, तर कृपया औषध थांबवू नका. एक्स-रेवर न्यूमोनिया दिसत असताना प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे म्हणून सुरुवातीचं अँटिबायोटिक रोखू नये, असं २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूंच्या न्यूमोनियात तो कमीच राहू शकतो. उलट मूत्रपिंड निकामी असेल, मोठं ऑपरेशन किंवा भाजणं झालं असेल, तर संसर्गाशिवायही वाढतो. मी तो वापरते तो मुख्यतः औषध कधी थांबवायचं हे ठरवताना, कारण उतरता आलेख तिथे उपयोगी पडतो.

न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं प्रमाण तुमच्या आकड्यांवरून ८.४ येतं. ते वाढलेलं आहे, पण न्यूमोनियात ते वाढतंच. वडिलांना कुणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर त्यानेही न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. १३,४०० पेशींनी मला काळजी वाटत नाही. न्यूमोनियात पेशी ४,००० च्या खाली गेल्या असत्या तर वाटली असती. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असणं हीसुद्धा गंभीर न्यूमोनियाच्या अधिकृत निकषांमधली एक खूण आहे. तुमच्या यादीत प्लेटलेटचा आकडा नाही. त्याच रक्ताच्या रिपोर्टवर तो असणार, बघून घ्या.

डी-डायमरबद्दल कोविडच्या काळात एवढी भीती पसरली की आजही लोक तो आधी पाहतात. २०२० च्या मार्चमधल्या एका अभ्यासात दाखल झालेल्या रुग्णांमध्ये वाढलेला डी-डायमर आणि मृत्यू यांचा संबंध दिसला होता आणि तो खरा होता. पण वय, कुठलीही सूज, संसर्ग, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनी तो वाढतो. ६७ वर्षांच्या माणसाला न्यूमोनिया असताना ९०० येणं अपेक्षित आहे. एक पाय सुजला असेल, अचानक धाप लागली असेल, किंवा एक्स-रेवर डाग छोटा आणि ऑक्सिजन मात्र खूप कमी असं असेल, तर फुफ्फुसात गुठळी आहे का हे शोधावं लागतं. तसं काही नसताना केवळ या आकड्यावरून रक्त पातळ करणारी औषधं स्वतःहून सुरू करू नका. मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव झालेले रुग्ण यापायी आमच्याकडे येतात.

आता फेरिटिन, एलडीएच, आयएल-६. माझं उत्तर स्पष्ट आहे: सध्याच्या स्थितीत नको. कुठलीही तपासणी लिहिण्याआधी मी स्वतःला विचारते की आकडा जास्त आला तर मी काय वेगळं करीन आणि कमी आला तर काय. दोन्ही वेळा उत्तर एकच असेल तर ती तपासणी रुग्णाच्या कामाची नाही. घरी गोळ्यांवर असलेल्या, शुद्धीत असलेल्या, ९५ ऑक्सिजन असलेल्या माणसाचं फेरिटिन ८०० आलं तरी त्याचं औषध बदलणार नाही.

इथे थोडं गणित करू या, कारण इतक्या लोकांना 'वाढलेल्या' आकड्यांनी विनाकारण भीती का वाटते ते त्यातून कळतं. समजा एक बरीच चांगली तपासणी आहे. पुढे गंभीर होणाऱ्या १०० पैकी ८० जणांना ती बरोबर पकडते आणि न होणाऱ्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडून देते. घरी उपचार घेणाऱ्या १,००० जणांपैकी समजा २० जण पुढे गंभीर होणार आहेत. तपासणी त्यांतले १६ पकडेल. उरलेल्या ९८० ठणठणीत बऱ्या होणाऱ्यांपैकी १९६ जणांनाही ती 'धोका' म्हणेल. एकूण २१२ रिपोर्ट लाल, त्यांत खरे १६, म्हणजे तेरात एकच खरा. शिवाय ४ जण हिरवा रिपोर्ट हातात घेऊन बिघडतील. तीच तपासणी वॉर्डात, जिथे १,००० पैकी ३०० गंभीर होणारे आहेत, वापरली तर ३८० लाल रिपोर्टांपैकी २४० खरे निघतील. तपासणी तीच, यंत्र तेच. फरक कोणावर वापरली याचा. म्हणून रुग्णालयातल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासातली मर्यादा उचलून घरी बसलेल्या माणसाला लावली की ती फसवते.

स्कोअरलाही हेच लागू आहे. कर्ब-६५ २००३ मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या, न्यूमोनियासाठी रुग्णालयात आलेल्या हजारभर रुग्णांवरून तयार झाला. त्या अभ्यासात ० किंवा १ गुण असलेल्यांत महिनाभरातले मृत्यू दीड टक्क्याच्या आसपास होते, २ गुणांना नऊ टक्के, ३ किंवा जास्त गुणांना बावीस टक्के. हे आकडे गटाचे आहेत. तुमचे वडील त्या गटात कुठे बसतील हे स्कोअरला माहीत नाही. आणि तो मृत्यूचा अंदाज देतो. ऑक्सिजन लागेल का, चार दिवस सलाईन लागेल का, हे तो विचारतच नाही.

त्याची सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे त्यात ऑक्सिजनची पातळी नाही. तीस वर्षांचा माणूस ८६ ऑक्सिजनवर, मिनिटाला २८ श्वास घेत आला तर त्याचा कर्ब-६५ शून्य येऊ शकतो. त्याला घरी पाठवणं धोक्याचं आहे. पीएसआयमध्ये वयाचं वजन इतकं आहे की तरुणांचा धोका त्यात झाकला जातो. पुरुषाला वयाइतके गुण, वरचा रक्तदाब ९० खाली असेल तर २०, श्वास ३० किंवा जास्त असेल तर २०. म्हणजे २५ वर्षांचा तरुण या दोन्ही भयानक खुणा घेऊन आला तरी बेरीज ६५, आणि ७० पर्यंतचा वर्ग 'कमी धोक्याचा'. उलट ९१ वर्षांचा माणूस दुसरं काहीही नसताना केवळ वयामुळे पाचपैकी चौथ्या वर्गात जाऊन बसतो. हे स्कोअर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी रोज वापरते. पण ते 'कुणाला निर्धास्तपणे घरी पाठवता येईल' या प्रश्नासाठी बनले आहेत, आणि त्या प्रश्नापुरते ते चांगले आहेत. दाखल झालेला रुग्ण तासातासाला कसा चाललाय हे पाहायला 'न्यूज-२' जास्त उपयोगी. त्यात श्वास, ऑक्सिजन, ऑक्सिजन लावावा लागतोय का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप धरतात; बेरीज ५ झाली की डॉक्टरने लवकर येऊन पाहायचं, ७ झाली की तातडी. त्यात एकही रक्ततपासणी नाही.

कोविडने एक गोष्ट फार स्पष्टपणे शिकवली. ब्रिटनमधल्या २०२० च्या 'रिकव्हरी' या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीच फायदा दिसला नाही, झालं तर नुकसानाकडे कल होता. कुणाला स्टेरॉइड द्यायचं हे ऑक्सिजनच्या गरजेवर ठरलं, सीआरपीवर नाही. तरीही नुसता सीआरपी वाढला म्हणून पहिल्या आठवड्यात स्टेरॉइड सुरू केलेले किती तरी रुग्ण तेव्हा आमच्याकडे येत होते.

एवढं वाचून रक्ततपासण्या निरर्थक आहेत असं वाटायला नको. न्यूमोनियात पहिल्या दिवशी मी रक्तपेशी, युरिया-क्रिएटिनिन, सोडियम, साखर आणि एक सीआरपी नक्की करून घेते. रुग्ण गंभीर दिसत असेल तर लॅक्टेट, धमनीतल्या रक्तातले वायू आणि ब्लड कल्चर. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय हे मोलाचं असतं. योग्य औषध लागू पडलं की सीआरपी भराभर उतरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो निम्म्यावर आला नसेल तर मी थांबून विचार करते: औषध चुकलं का, फुफ्फुसाबाहेर पू साठला का, निदानच वेगळं आहे का. म्हणून सीआरपी रोज करू नका. परवा डॉक्टरांकडे जाल तेव्हा एकदा पुरेसा आहे.

बाकी बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते कुठल्याच कॅल्क्युलेटरच्या रकान्यात नाही. वडिलांना दमा किंवा जुनाट श्वासनलिकेचा आजार आहे का? (जुनाट श्वासनलिकेचा आजार असेल तर ८८ ते ९२ ऑक्सिजन काहींच्या बाबतीत नेहमीचाच असू शकतो, त्यांच्या डॉक्टरांना तो माहीत असतो. नुसत्या दम्यात तसं नसतं.) हृदय कमजोर आहे का, मूत्रपिंडाचा त्रास, आटोक्यात नसलेला मधुमेह? प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा केमोथेरपी चालू आहे का? गोळ्या पोटात टिकतात का? रात्री त्यांच्याजवळ कुणी आहे का, आणि बिघडलं तर अर्ध्या तासात रुग्णालय गाठता येईल का? स्कोअर १ असूनही यातल्या दोन-तीन उत्तरांवरून मी माणसाला दाखल करून घेते. तुमच्या डॉक्टरांनी यातलं बरंच प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घेतला असणार. पण विचारायला संकोच करू नका.

पुढचे दोन-तीन दिवस दिवसातून चार वेळा श्वासाचा वेग, ऑक्सिजन, नाडी आणि ताप वहीत लिहा. घरी यंत्र असेल तर रक्तदाबही. श्वास २४ च्या वर जाऊन तिथेच राहू लागला, किंवा आधीपेक्षा सतत वाढत चालला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ३० झाला, ऑक्सिजन ९२ किंवा त्याखाली आला, वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, वाक्य पूर्ण बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले, लघवी अगदी कमी झाली किंवा एकही गोळी पोटात राहीनाशी झाली, तर दोन दिवसांची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या. वेळ रात्रीची असली तरी. म्हाताऱ्या माणसांमध्ये ताप नसतानाही संसर्ग वाढत असू शकतो. असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं, दिवसभर झोपून राहणं, तोल जाऊन पडणं, एकदम खाणं सोडणं ही त्यांच्यातली तेवढीच गंभीर लक्षणं आहेत.

आणि सगळं ठीक होत गेलं, तर एक्स-रे लगेच पुन्हा काढू नका. डाग माणसापेक्षा सावकाश बरा होतो आणि तो अजून दिसतोय म्हणून उगीच औषधं वाढवली जातात. वडिलांचं वय पाहता साधारण सहा आठवड्यांनी एक एक्स-रे मात्र जरूर काढा, विशेषतः ते धूम्रपान करत असतील किंवा पूर्वी करत असतील तर. न्यूमोनियाच्या मागे लपलेली गाठ असेल तर ती तेव्हा दिसते.